प्रोजेक्ट रिपोर्ट कुठून लिहायला घ्यायचा?

प्रश्न थोडक्यात असा: चौघांचा गट, शेवटचं वर्ष, मातीतला ओलावा मोजून पंप आपोआप चालू-बंद करणारी यंत्रणा. मॉडेल चालतंय. कॉलेजने प्रकरणांची यादी दिली आहे (प्रस्तावना, लिटरेचर सर्व्हे, मेथडॉलॉजी, रिझल्ट्स, कन्क्लूजन), पण कशात काय लिहायचं आणि "ऐंशी पानं कशी भरायची" हे कळत नाही.

आधी शेवटच्या शब्दांबद्दल. पानं भरायची म्हटलं की काय होतं ते मी परीक्षक म्हणून बरीच वर्षं पाहतोय. पहिली तीस पानं इंटरनेट ऑफ थिंग्ज म्हणजे काय, मायक्रोकंट्रोलर म्हणजे काय, त्याच्या कुठल्या पिनचं काय काम, यात जातात. हे सगळं डेटाशीटमध्ये (उत्पादकाच्या माहितीपत्रकात) असतंच आणि तिथे ते जास्त नीट लिहिलेलं असतं. मग तुम्ही स्वतः केलेलं काम चार पानांत उरकलेलं असतं, आणि त्यातली दोन पानं सर्किटच्या फोटोंची. असा रिपोर्ट जाड दिसतो, पण परीक्षकाच्या हातात चाळण्यासारखं काही उरत नाही.

आता परीक्षक वाचतो कसा, ते सांगतो. पान एकपासून तर मुळीच नाही. हाताशी पंधरा-वीस मिनिटं असतात. मी आधी गोषवारा वाचतो, तिथून थेट निष्कर्षावर उडी मारतो, मग रिझल्ट्समधले आलेख आणि तक्ते पाहतो, शेवटी संदर्भसूचीवर एक नजर टाकतो. या चार जागा एकमेकींशी जुळल्या की मधलं वाचताना माझं मत चांगलं असतं. गोषवाऱ्यात "पाण्याची बचत" आणि निष्कर्षात बचतीचा एकही आकडा नाही, असं दिसलं की माझा पहिला प्रश्न तिथेच ठरतो.

म्हणून रचनेचा विचार प्रकरणांच्या यादीपासून करू नका, उद्दिष्टांपासून करा. बहुतेक रिपोर्टांतली उद्दिष्टं अशी असतात: "स्वस्त आणि कार्यक्षम स्वयंचलित यंत्रणा विकसित करणे." हे साध्य झालं की नाही हे ठरवणार कोण आणि कसं? स्वस्त म्हणजे कशापेक्षा? त्याऐवजी असं लिहून बघा: मातीतला ओलावा खालच्या मर्यादेखाली गेला की पंप सुरू व्हावा आणि वरच्या मर्यादेला बंद व्हावा, सेन्सरने दाखवलेला ओलावा आणि माती ओव्हनमध्ये वाळवून काढलेला ओलावा यांत किती फरक पडतो ते मोजावं, हाताने ठरावीक वेळी पाणी घालण्याच्या तुलनेत दोन आठवड्यांत किती पाणी लागलं ते पाहावं. तीनच उद्दिष्टं, पण तिन्हींचं उत्तर हो-नाहीत किंवा आकड्यात देता येतं.

आता एक कोरा कागद आडवा धरा आणि चार रकाने आखा. पहिल्यात उद्दिष्ट, दुसऱ्यात ते तपासायला काय केलं, तिसऱ्यात ते कुठल्या आलेखात किंवा तक्त्यात दिसतं, चौथ्यात त्यावरून निष्कर्षातलं कुठलं वाक्य लिहिणार. हा कागद रिपोर्टमध्ये जात नाही, पण रिपोर्टचा सांगाडा हाच. एखादा रकाना रिकामा राहिला तर दोनच कारणं असतात: प्रयोग करायचा राहिलाय, किंवा उद्दिष्ट उगाच लिहिलंय. पहिलं असेल तर प्रयोग करा. दुसरं असेल तर उद्दिष्टाला सरळ कात्री लावा, त्यात कमीपणा नाही. आणि रिकामा रकाना आज तुम्हाला दिसलेला बरा, नाहीतर तो व्हायवाच्या (तोंडी परीक्षेच्या) दिवशी परीक्षकाला दिसतो.

यातून लिहायचा क्रमही ठरतो, आणि तो वाचायच्या क्रमाच्या जवळजवळ उलटा असतो. आधी रिझल्ट्सचे आलेख आणि तक्ते अंतिम स्वरूपात तयार करा. मग मेथडॉलॉजी लिहा, कारण काय केलं ते अजून लक्षात आहे. मग डिझाइन, मग रिझल्ट्सवरची चर्चा, मग निष्कर्ष. प्रस्तावना त्यानंतर. गोषवारा सगळ्यात शेवटी. प्रस्तावनेपासून सुरुवात करणारे गट पहिल्या आठवड्यात "आजच्या आधुनिक युगात" असं वाक्य लिहितात आणि मग तिथेच अडकून बसतात. प्रस्तावना कशाची लिहायची हे कळायला आत काय आहे ते आधी ठरावं लागतं.

लिटरेचर सर्व्हे हा सगळ्यात जास्त वाया जाणारा भाग. नेहमीचा साचा असा: एक परिच्छेद, एक पेपर. "या पेपरमध्ये लेखकांनी अमुक प्रणाली मांडली आहे." असे पंधरा परिच्छेद, एकमेकांशी काही संबंध नाही. पेपर हा एकक धरू नका, प्रश्न धरा. तुमच्या विषयात पहिला प्रश्न सरळ आहे: ओलावा मोजतात कसा? रोधावर चालणारे दोन दांड्यांचे सेन्सर स्वस्त असतात, पण सतत डीसी (एकाच दिशेने वाहणारी वीज) दिली की इलेक्ट्रोलिसिसने दांड्या झिजतात, आणि मातीतल्या क्षारांनीही त्यांचं रीडिंग बदलतं. कपॅसिटिव्ह सेन्सर चालतात कारण पाण्याचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक (पदार्थ विद्युत ऊर्जा किती साठवू देतो याचं माप) ८० च्या आसपास असतो, कोरड्या मातीतल्या खनिजांचा साधारण ३ ते ५ आणि हवेचा १. म्हणजे पाणी थोडं वाढलं तरी फरक ठळक दिसतो. टाइम डोमेन रिफ्लेक्टोमेट्री (मातीत रोवलेल्या दांड्यांवरून विद्युत स्पंद परत यायला लागणारा वेळ मोजणं) याच तत्त्वावर जास्त अचूक मोजते, पण उपकरण महाग. तिथे डायइलेक्ट्रिक स्थिरांकावरून ओलावा काढायला टॉप आणि सहकाऱ्यांनी १९८० साली दिलेलं समीकरण अजूनही वापरलं जातं. असा एक परिच्छेद झाला की त्यात चार-पाच पेपर आपोआप आपापल्या जागी बसतात. दुसरा प्रश्न: पाणी कधी द्यायचं हे इतरांनी कशावरून ठरवलं? केवळ वेळेवरून, एका मर्यादेवरून, की हवामानाचा अंदाज धरून? शेवटी एक परिच्छेद: यातलं आम्ही काय घेतलं, काय सोडलं आणि का. हा शेवटचा परिच्छेद नसेल तर आधीची दहा पानं नुसती यादी ठरतात.

डिझाइनच्या प्रकरणात मला एकच गोष्ट हवी असते: निर्णय आणि त्यांची कारणं. "आम्ही अमुक बोर्ड वापरला" हे वाक्य अर्धवट आहे. का? त्यात वायफाय होतं म्हणून, ॲनालॉग इनपुट पुरेसे होते म्हणून, की लॅबमध्ये तोच होता म्हणून? शेवटचं कारण लिहायला मुलं लाजतात. लाजू नका. उपलब्धता ही खरी अट आहे आणि धंद्यातले इंजिनिअरही रोज तिच्यापुढे झुकतात. फक्त ती अट म्हणून लिहा, मागाहून जोडलेल्या गुणगानाने झाकू नका. व्हायवात मी "हाच का?" विचारतो तेव्हा "सर, हाच होता, आणि त्यामुळे आम्हाला हे दोन तोटे सोसावे लागले" हे उत्तर मला फार आवडतं.

तुमच्या प्रोजेक्टमधला सगळ्यात चांगला निर्णय बहुधा तुम्ही लिहिणारच नाही, म्हणून आठवण करतो. चालू करायची आणि बंद करायची मर्यादा वेगवेगळी का ठेवली? एकच मर्यादा ठेवली तर ओलावा तिथल्या तिथे वर-खाली होत राहतो, रिले (पंप चालू-बंद करणारा विद्युत स्विच) सारखा टकटक करतो आणि पंप दर काही सेकंदांनी दचकतो. दोन मर्यादांमधलं अंतर म्हणजे हिस्टेरिसिस. ते किती ठेवलं आणि कसं ठरवलं याला अर्धं पान द्या. कोडमध्ये ही एकच ओळ असते आणि तुम्हाला ती किरकोळ वाटते. पण इंजिनिअरिंग आहे ते या ओळीत, पिनच्या तक्त्यात नाही.

मेथडॉलॉजीची कसोटी अशी: दुसऱ्या गटाने फक्त हे प्रकरण वाचून तुमचा प्रयोग पुन्हा करून दाखवावा. म्हणजे माती कुठल्या प्रकारची आणि किती किलो, सेन्सर किती खोल रोवला, रीडिंग दर किती मिनिटांनी, एकूण किती दिवस, प्रत्येक चाचणी किती वेळा केली, वजनकाट्याचं लघुत्तम माप किती. ओव्हनची तुलना केली असेल तर तापमान आणि वेळ लिहा. साधारणपणे माती १०५ अंश सेल्सिअसला वजन स्थिर होईपर्यंत वाळवतात, त्याला बहुतेक वेळा २४ तास लागतात. ओलाव्याची टक्केवारी वजनावर काढली की आकारमानावर, हेही सांगा. हे दोन आकडे एकाच मातीसाठी वेगळे येतात आणि त्यांची सरमिसळ झाली की पुढची सगळी तुलना कोसळते. हे तपशील शेवटच्या आठवड्यात आठवत नाहीत. त्यामुळे पहिल्या दिवसापासून तारीख टाकून एक वही ठेवा, हाताने लिहिलेली, खाडाखोड असलेली. सुंदर नसली तरी चालेल.

रिझल्ट्सवर थोडं रेंगाळतो, कारण गुण इथेच जातात.

आकड्यांपासून सुरू करू. समजा तुम्ही तापमानासाठी एलएम३५ सेन्सर लावलाय आणि तो आर्डुइनो उनो या मायक्रोकंट्रोलर बोर्डाच्या ॲनालॉग पिनला जोडलाय. त्या बोर्डाचा एडीसी (व्होल्टेजचं आकड्यात रूपांतर करणारा भाग) १० बिटांचा, म्हणजे १०२४ पायऱ्या. संदर्भ व्होल्टेज ५ व्होल्ट असेल तर एक पायरी सुमारे ४.८८ मिलिव्होल्टची. सेन्सर दर अंशाला १० मिलिव्होल्ट देतो. म्हणजे तुमची यंत्रणा सुमारे अर्ध्या अंशापेक्षा बारीक फरक पाहूच शकत नाही. आणि रिपोर्टमध्ये काय असतं? "तापमान २७.८३ अंश." तो .८३ कुठून आला? भागाकारातून. हे मी व्हायवात विचारतो तेव्हा दहातले नऊ गट एकमेकांकडे बघतात. तेच बोर्डाचा आतला १.१ व्होल्टचा संदर्भ वापरला तर पायरी सुमारे ०.१ अंशावर येते. हे ज्याने केलं आणि दोन ओळींत लिहिलं, त्याच्याशी माझी पुढची चर्चा वेगळ्याच पातळीवर होते. डीएचटी११ सेन्सर वापरत असाल तर त्याची तापमानाची अचूकताच अधिक-उणे २ अंश आहे. तिथे दशांशचिन्हानंतर काहीही लिहिणं म्हणजे स्वतःची फसवणूक.

आलेखात दोन्ही अक्षांना नावं आणि एककं हवीत, हे सांगावं लागू नये पण लागतं. मोजलेले बिंदू बिंदू म्हणूनच दाखवा. स्प्रेडशीटने सहा बिंदूंमधून ओढलेली गुळगुळीत वळणदार रेघ मधल्या जागेबद्दल तुम्ही न मोजलेलं काहीतरी सांगते. स्क्रीनवरच्या सीरियल मॉनिटरचे फोटो रिझल्ट म्हणून चिकटवू नका; तो कच्चा माल झाला. चाचणी तीनदा केली असेल तर नुसती सरासरी देऊ नका, तिन्ही आकडे किंवा त्यांचा पसारा द्या. सिव्हिलच्या मुलांनाही हेच सांगतो: काँक्रीटच्या १५० मिलिमीटरच्या तीन घनांची २८ दिवसांची सरासरी ताकद लिहिता, पण एक घन बाकी दोघांपेक्षा बराच कमी ताकदीला फुटला असेल तर खरी गोष्ट तोच सांगतोय, आणि तुम्ही त्याला सरासरीत बुडवलंत.

मशीन लर्निंगवाल्यांचा आवडता आकडा म्हणजे अचूकता. १००० फोटोंपैकी ९५० निर्दोष भागांचे आणि ५० सदोष भागांचे असतील, तर डोळे मिटून "निर्दोष" म्हणणारं मॉडेलही ९५ टक्के अचूक असतं, आणि एकही दोष पकडत नाही. त्यामुळे कन्फ्यूजन मॅट्रिक्स (खरं काय होतं आणि मॉडेल काय म्हणालं याचा तक्ता), प्रिसिजन (सदोष म्हटलेल्यांपैकी खरे सदोष किती) आणि रिकॉल (खऱ्या सदोषांपैकी पकडले किती) द्या. शिवाय ट्रेनिंग आणि टेस्टचा डेटा कसा वेगळा केला ते स्पष्ट लिहा. एकाच व्हिडिओतल्या लागोपाठच्या फ्रेम दोन्हीकडे वाटल्या गेल्या असतील तर ९९ टक्के येणारच; मॉडेलला प्रश्नपत्रिका आधीच मिळालेली असते.

न चाललेलं लपवू नका. सहाव्या दिवशी सेन्सर गंजला आणि रीडिंग वाहत गेलं? ते आलेखात राहू द्या, बाण काढून सांगा, कारण शोधा, मग काय बदललं ते लिहा. माझ्या स्वतःच्या पदवीच्या रिपोर्टमध्ये मी असे दोन दिवस गुपचूप गाळले होते. परीक्षकांनी क्ष-अक्षावर बोट ठेवून विचारलं, "१२ तारखेनंतर थेट १५?" त्यानंतरची दहा मिनिटं मी विसरू शकलेलो नाही.

निष्कर्ष एक-दीड पानाचा पुरे. "यंत्रणा समाधानकारकरीत्या कार्य करते" हे वाक्य तुमच्या हातून आपोआप लिहिलं जाईल. ते खोडा आणि चार रकान्यांचा चौथा रकाना तिथे उतरवा. मग मर्यादा. मग पुढचं काम, आणि ते मर्यादांमधूनच आलं पाहिजे. एकाच प्रकारच्या मातीवर कॅलिब्रेशन (सेन्सरचं रीडिंग खऱ्या ओलाव्याशी जुळवणं) केलं ही मर्यादा असेल तर चिकणमाती आणि वाळूमिश्रित मातीवर ते तपासणं हे पुढचं काम. "मोबाइल ॲप आणि एआय जोडता येईल" हे कुठल्याही प्रोजेक्टच्या शेवटी चिकटतं, म्हणून तुमच्या प्रोजेक्टबद्दल काहीच सांगत नाही.

गोषवाऱ्याला दोनशे ते अडीचशे शब्द भरपूर. प्रश्न काय, काय बनवलं, कसं तपासलं, काय आढळलं, त्याची मर्यादा काय. नमुना देतो, आकडे मनचे आहेत: "कुंडीतल्या रोपांना ठरावीक वेळी पाणी दिल्यास गरजेपेक्षा जास्त पाणी जाते. या कामात कपॅसिटिव्ह सेन्सर आणि दोन मर्यादांचे नियंत्रण वापरून पंप चालवणारी यंत्रणा तयार केली. सेन्सरचे कॅलिब्रेशन ओव्हन पद्धतीने २० नमुन्यांवर केले. कमाल फरक ४ टक्के आढळला. १४ दिवसांच्या तुलनेत वेळापत्रकाने दिलेल्या पाण्यापेक्षा ३० टक्के कमी पाणी लागले. चाचणी एकाच प्रकारच्या मातीपुरती मर्यादित आहे." बघा, यात "इंटरनेट ऑफ थिंग्ज" हा शब्दही नाही आणि काही अडलंही नाही.

सॉफ्टवेअरचं प्रोजेक्ट असेल तर मेथडॉलॉजीच्या जागी गरजा, रचना आणि चाचण्या येतात, पण चार रकाने तेच: प्रत्येक गरजेसमोर ती तपासणारी चाचणी. जाता जाता, बरेच गट अजूनही गरजांच्या दस्तऐवजासाठी आयट्रिपलई (इंजिनिअरांची आंतरराष्ट्रीय संस्था) च्या ८३० या मानकाचा १९९८ चा साचा वापरतात आणि तो सध्याचा मानक म्हणून लिहितात. त्याची जागा २०११ मध्ये आयएसओ/आयईसी/आयट्रिपलई २९१४८ ने घेतली. जुना साचा वापरायला हरकत नाही, पण त्याला सध्याचा म्हणू नका.

संदर्भ पहिल्या दिवसापासून झोटेरो किंवा मेंडेलीत (संदर्भ सांभाळणारी सॉफ्टवेअर) टाकत जा. शेवटच्या रात्री गोळा केलेली सूची लगेच ओळखू येते. आयट्रिपलई पद्धतीत चौकटी कंसातले आकडे मजकुरात ज्या क्रमाने येतात त्याच क्रमाने सूची असते. सूचीत आहे पण मजकुरात कुठेच उल्लेख नाही, असा संदर्भ काढून टाका. एआयकडून संदर्भ मागवले असतील तर प्रत्येकाचा डीओआय (पेपरचा कायमचा ऑनलाइन ओळख क्रमांक) उघडून बघा. अस्तित्वात नसलेले पेपर, खऱ्या वाटणाऱ्या नावांसकट, त्यात बेमालूम मिसळलेले असतात. आणि साम्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरची टक्केवारी खाली आणायला शब्दांच्या जागी समानार्थी शब्द ठोकू नका. "ट्रान्सफर फंक्शन"चं असं काहीतरी विचित्र होऊन बसतं की वाचणाऱ्याला तिथेच कळतं. पेपर वाचा, बंद करा, मग आठवेल ते आपल्या शब्दांत लिहा आणि संदर्भ द्या.

मांडणीबद्दल फार बोलत नाही. कॉलेजचा साचा असेल तो पाळा. शीर्षकांना वर्डमधल्या स्टाइल्स द्या, म्हणजे अनुक्रमणिका आपोआप होते आणि शेवटच्या क्षणी पानं सरकली तरी चुकत नाही. आकृत्यांचे क्रमांकही हाताने टाकू नका. तक्त्याचं शीर्षक वर, आकृतीचं खाली. समीकरणं पुष्कळ असतील तर लॅटेक (दस्तऐवज मांडणीचं सॉफ्टवेअर) उत्तम, पण ते शिकायला शेवटचा आठवडा ही वेळ नव्हे. पूर्ण कोड परिशिष्टात, मजकुरात फक्त ते दहा-पंधरा ओळींचे तुकडे ज्यांच्याबद्दल तुम्ही काही बोलणार आहात.

चौघांनी चार प्रकरणं वाटून घेतली असतीलच. वाटा, पण शेवटचा हात एकाचाच फिरू द्या. नाहीतर एका प्रकरणात "ओलावा", दुसऱ्यात "आर्द्रता" आणि तिसऱ्यात "मॉइश्चर" येतं, आणि परीक्षकाला वाटतं तीन वेगळ्या गोष्टी मोजल्या. छापायला देण्याआधी एकदा प्रकरणं अदलाबदल करून वाचा: ज्याने डिझाइन लिहिलं त्याने रिझल्ट्स वाचायचे, हातात तो चार रकान्यांचा कागद घेऊन. व्हायवाला जाताना रिपोर्टबरोबर ती खाडाखोडीची वहीही न्या. अडचणीचा प्रश्न आला तर बांधलेल्या रिपोर्टपेक्षा तीच आधी उघडावी लागते.